मग बोर्डवर तुझं नाव का?

(ऑस्ट्रेलियातल्या एका मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित रूप. माइकची किंचाळी आणि मागच्या रांगेतल्या गप्पा गाळल्या आहेत.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी माझी ओळख 'गावाशी नाळ जपणारे समाजसेवक' अशी करून दिली, तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक खोकला आला. ऐकलात ना? ती माझी मुलगी. वय वर्षं अकरा. तिला सर्दीबिर्दी काही झालेली नाही.

बाहेर अडतीस डिग्री आहे. वहिनी मंडळी काळ्या साड्यांत घामाघूम झाल्यात, आणि मघाशी तिळगुळाचा डबा उघडून बघितला तर सगळ्या लाडवांचा मिळून एकच लाडू झालाय. मंडळात एवढी एकी मी पहिल्यांदाच बघितली. तेव्हा फार ताणत नाही.

तर डिसेंबरात आम्ही गावी गेलो होतो. दापोली तालुका. पहाटे खेडला उतरणं, तो पहिला चहा, मग घाटात ज्याला मळमळतं त्याला खिडकी. तुम्हाला काय सांगायचं! पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांचा निरोप आला. शनिवारी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालायचाय, तालुक्याच्या लायन्स क्लबाची मंडळीही येताहेत, तुम्ही आलात तर शोभा येईल. शोभा हा शब्द त्यांचा. मी चेक आधीच दिलेला होता, त्यामुळे शोभा देणं एवढंच काम शिल्लक होतं.

लोक सातला जमले होते. मी नऊला गेलो, पांढरे बूट घालून. पऱ्याच्या काठाला दोन बांबूंना फ्लेक्स बांधलेला. वर गणपती, खाली 'वनराई बंधारा श्रमदान', आणि त्याखाली 'सौजन्य' म्हणून माझं नाव आणि फोटो. फोटो बारा वर्षांपूर्वीचा. डोक्यावर केस होते तेव्हाचा. एका आजींनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "हा तुझा धाकटा भाऊ काय?"

माझी लेक केव्हाच रांगेत उभी होती. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीतच आहे, पण आपल्या इथल्या मुलांसाठी सांगतो. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची. पऱ्यातलीच रेती-माती पाऊण पोतं भरायची. गच्च भरलं तर ते दगडासारखं बसतं आणि दोन पोत्यांमध्ये फट राहते. तोंड दाभण-सुतळीने शिवायचं. मग हातोहात पुढे. खाली दोघेजण पाण्यात उभे असतात. ते पोतं असं रचतात की खालच्या दोन पोत्यांचा सांधा वरच्या पोत्याच्या पोटाखाली यावा, भिंतीतल्या विटांसारखं. मध्ये चिकणमाती तुडवून भरायची. एक आजोबा प्रत्येक पोत्यावर उभे राहून टाचेने दाबत होते, आणि टाच नीट बसली नाही की पोतं परत काढायला लावत होते. मी वाकायला गेलो तर म्हणाले, "तू नको रं वाकूस. कंबर धरली तर इमानात कसा बसशील?"

मला ते पटलं. लगेच पटलं, हेच वाईट. मी फोटो काढायला लागलो.

रात्री पडवीत जेवायला बसलो होतो. कुळथाचं पिठलं, भात. लेक म्हणाली, "बाबा, तू एक पण पोतं उचललं नाहीस. मग बोर्डवर तुझं नाव का?"

मी म्हटलं, "अगं, सामान माझ्या पैशातून आलं." तर म्हणे, "पोती फुकट होती. सिमेंटची रिकामी. मी त्या आजोबांना विचारलं. माती पऱ्यातली होती." मी म्हटलं, "वडापाव?" त्यावर बायको म्हणाली, "त्यातले चार तूच खाल्लेस."

मग मी चिडलो. जवळपास दहा हजार किलोमीटरवरून येतो, सुट्टी खर्च करतो, तुम्हाला किंमत नाही वगैरे. आवाज एवढा चढला की शेजारची लाइट लागली. लेक काही बोलली नाही. पिठलं भातात कालवत राहिली. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर विमानात बसून इथे आलाय.

तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा आपला मुलूख, आणि एप्रिल-मे आला की वाडीत टँकर. जांभा पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाही, आणि समुद्र हाकेवर. म्हणून पाऊस सरला की पऱ्याचं उरलंसुरलं पाणी अडवायचं. तेवढ्याने आसपासच्या विहिरींना दोन-अडीच महिने जास्त पाणी राहतं, गुरांची सोय होते, कुणी वाल टाकतं. ज्या मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेवरून या बंधाऱ्याला नाव पडलं, ते आपल्या महाडकडचेच. युक्ती स्वस्त आहे. पण बंधारा पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा घालावा लागतो. दर वर्षी. ही गोष्ट मला माहीत होती, पण तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

आपल्याला, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांना, काय द्यायला आवडतं? एकदा दिलं की झालं असं. बाकडं. कमान. शाळेला कूलर. आमच्या दहावीच्या बॅचने शाळेला वॉटर कूलर दिला, बॅचचं नाव कोरून. या वेळी बघायला गेलो. कूलर आहे. त्यावर क्रीडा साहित्य ठेवलंय. विजेचं बिल कोणी भरायचं हे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून ठरतंय.

आणि २०२१ चा जुलै आठवतो का? २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. २००५ चं विसरायला लागलो होतो तेवढ्यात. आपल्याला विमानं बंद, घराबाहेर पडायची चोरी. आपण ऑनलाइन मीटिंग घेतली, मी सूत्रसंचालक होतो. मदतीच्या किटवर मंडळाचं नाव कुठल्या आकारात छापायचं यावर आपण दीड तास घालवला. हसू नका, त्यातले निम्मे इथे बसलेत. शेवटी तांदूळ, डाळ, पोहे असं किट ठरलं. मी ताईला फोन केला, अभिमानाने. तिच्या तळमजल्यात गुडघाभर चिखल, गॅसची शेगडी उलटी पडलेली. ती म्हणाली, "डाळ शिजवू कशावर? फावडं पाठव. घमेली पाठव. खराटे पाठव." दीडशे वर्षांहून जुन्या लोटिस्मा, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचनालयात चिखलाने जाड झालेली पुस्तकं, आणि मी इथे अक्षरांचा आकार ठरवत होतो.

ताईचं घर साफ कुणी केलं? आठ-दहा पोरं आली, घाटावरची. आपली फावडी घेऊन. दोन दिवस चिखल उपसला, रात्री देवळात झोपली, आणि पुढच्या गल्लीत गेली. ताईला अजून रुखरुख आहे की नावं विचारायची राहून गेली.

आत्याचंही सांगतो. तिला मोतीबिंदू. तालुक्याच्या क्लबाने नेत्रशिबिर घेतलं, तिचं ऑपरेशन झालं. हे क्लबवाले डोळ्यांच्या मागे का लागले, ठाऊक आहे? १९२५ मध्ये अमेरिकेत लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलरबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी अंधांसाठी लढण्याचं साकडं घातलं. ते तिथून आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यापर्यंत आलं. नंतर क्लबाने फोटो पाठवला. काळे चष्मे घातलेल्या अठरा म्हाताऱ्या एका रांगेत. मी तो चाळीस जणांना पुढे पाठवला.

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं. थेंब महिना-दीड महिना घालायचे असतात. आधी दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन. आत्याचा एक मुलगा डोंबिवलीला, दुसरा दुबईला, भाचा म्हणजे मी इथे. तिघेही रोज व्हिडिओ कॉल करून थेंब घाल म्हणून सांगत होतो. तिचा हात थरथरतो, थेंब गालावर. शेवटी शेजारचे निवृत्त मास्तर यायला लागले. क्लबाचे जुने सभासद. सकाळी फिरून येताना, दुपारी जेवायच्या आधी, संध्याकाळी दिवाबत्तीला. हात धुऊन, खालची पापणी ओढून, एक थेंब. सव्वा महिना. याचा फोटो कुणी काढला नाही. आत्या म्हणते, "डोळा उघडला की पहिलं मास्तरांचं नाक दिसायचं." मला बघून म्हणाली, "तू एवढा काळा कधी झालास? का आधीपासूनच होतास?"

थेंबावरून आठवलं. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. एसटी स्टँडवर टेबल, बर्फाचा डबा, पोराला दोन थेंब आणि डाव्या करंगळीला शाई. आम्ही दोन दिवस गेलो, दुपारी बटाटेवडा मिळायचा म्हणून. आजवर मी 'पोलिओच्या कामात सहभाग' असं सांगत आलोय. रोटरीने ते काम १९८५ पासून अंगावर घेतलेलं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि पोलिओमुक्त म्हणून शिक्का मिळाला मार्च २०१४ मध्ये. त्या टेबलावर अठराहून जास्त वर्षं कुणीतरी बसत राहिलं. मी दोन दिवस.

आता थोडं ओरडून घेतो. मार्चमध्ये इथे देशभर सफाईचा रविवार असतो. १९८९ मध्ये एका दर्यावर्दी माणसाने सिडनीच्या बंदरातला कचरा बघून हे सुरू केलं. आपलं मंडळही दर वर्षी भाग घेतं. गेल्या मार्चमध्ये आपले किती जण आले? सात. फोटोत किती आहेत? सोळा. नऊ जण चहाच्या वेळी पोचले. फोटोत मधोमध, झाडू घेऊन, मी आहे. झाडू शेजारणीचा होता.

पण इथले क्लब तरी काय? क्लबासाठी पैसे जमवायला शनिवारी दुकानाच्या दारात सॉसेज भाजणारे ते आजोबा बघता ना, ॲप्रन बांधलेले? सत्तरीच्या आतलं कोण आहे त्यांच्यात? परवा एकाने मला विचारलं, "तुमच्यातले तरुण येतील का आमच्यात?" मी म्हटलं, विचारून सांगतो. अजून कुणाला विचारलेलं नाही.

परतायच्या आधी लेकीला कासवं बघायची होती म्हणून वेळासला गेलो. नाना फडणवीसांचं वेळास. हंगाम नुकताच लागला होता, त्यामुळे कासव एकही नाही. जाळीचं कुंपण, आत वाळू, आणि वाळूत खोचलेल्या तारखेच्या पाट्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये हे काम गावात आणलं. त्याआधी अंडी माणसं न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे. आता गावातली पोरं पहाटे किनारा चालतात, मादीच्या पावलांची रेघ शोधतात, अंडी जपून कुंपणात आणून पुरतात. मग दीड-पावणेदोन महिने राखण. तिथे भेटलेला मुलगा पंचविशीचा असेल. लेकीने त्याला विचारलं, तू मुंबईला का नाही गेलास? तो म्हणाला, "गेलो होतो. परत आलो. इथे पाहुणे येतात, घरी खोल्या देतो. आणि अंडी कुणाच्या भरवशावर टाकणार?"

गाडीत ती बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. तिला मोजायची खोड आहे, सफाईच्या दिवशी बाटल्या मोजायची लागलेली. त्या वहीत बंधाऱ्याचंही पान होतं. पोती दोनशे चौदा. रांगेत माणसं तेवीस. प्रत्येकाला तिने वय विचारलं होतं! साठीच्या पुढचे चौदा. चाळिशीच्या आतले तीन, त्यातला एक टेम्पोचा ड्रायव्हर. बाराच्या आतलं एक, ती स्वतः. फोटो काढणारा एक, हे वेगळं, खाली.

तिने विचारलं, "बाकीची मुलं कुठे होती?"

आमच्या वेळी त्या शाळेचा पट नव्वदच्या घरात होता. त्यातलाच मी एक.

मी ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून म्हटलं, तो फ्लेक्स काढा. ते म्हणाले, "कशाला? चांगला जाड आहे. आजींनी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय, पावसाला उपयोगी पडेल." म्हणजे माझं सौजन्य मार्गी लागलं. मग म्हणाले, पाणी अजून चांगलं आहे, विहीर हाताला लागते. ते टाचेवाले आजोबा मात्र अंथरुणाला आहेत. पुढच्या खेपेला रचाईला कोण उभं राहील, बघू.

पुढच्या डिसेंबरची तिकिटं मी तीनदा बघितली. शाळेला सुट्टी लागते तेव्हाच दर आकाशाला भिडतात. अजून काढलेली नाहीत. बायको म्हणते, त्या पैशात दहा बंधारे होतील, पाठवून दे. हिशेब बरोबर आहे. लेक रोज रात्री विचारते, काढलीस का? मी म्हणतो, बघतोय.

आत्ताही खोकली बघा.

चला, तिळगूळ घ्या. चमचे मागच्या टेबलावर आहेत.