घागरीचा जोड कुठे आहे?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘हस्तकला आणि छोटी संग्रहालयं’. पुण्यात त्याची सुरुवात शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयापासूनच करायला हवी. शाळेच्या सहलीत तिथे कोण कोण गेलंय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच! आणि त्यानंतर पुन्हा कोण गेलं? तीन हात. ठीक आहे, मग सविस्तर सांगायला हरकत नाही.

दिनकर केळकरांचा धंदा चष्म्यांचा, कविता ‘अज्ञातवासी’ या नावाने. तलवारी-ढाली त्यांनीही जमवल्या, पण जीव रमला तो अडकित्त्यांत, दिव्यांत, दौतींत, वज्रींत. वज्री म्हणजे पाय घासायचं साधन. खालून खरखरीत, वर मोर किंवा पोपट. टाचा घासण्यासाठी कुणी तरी आधी मेणाचा मोर घडवला, त्यावर मातीचे थर दिले, तापवून मेण काढलं, पितळ ओतलं आणि साचा फोडला. साचा फुटला, म्हणजे हुबेहूब तसा दुसरा मोर होणे नाही. केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने उभा केलेला हा संग्रह त्यांनी १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. आज तिथे वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत.

आता माझं गाऱ्हाणं. कसबा पेठेतल्या तांबट आळीतले एक वयस्कर कारागीर माझ्या ओळखीचे. त्यांना मी एका संग्रहालयात घेऊन गेलो. कुठल्या, ते राहू द्या. काचेमागे घागर, खाली पाटी: ‘घागर, तांबे, एकोणिसावे शतक’. काका वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हिचं पोट दोघांनी मठारलंय.” मठारणं म्हणजे हातोडीने ठोके देणं.

“कशावरून, काका?”

“ठोक्यांच्या ओळी बघा की. इथवर एकाला एक लागून, एका वजनाने. इथून पुढे ठोका तिरका पडतोय. हात बदलला.”

पाटी लिहिणाऱ्याला शतक कळलं होतं, काकांना माणसं दिसली. आणि हो, मठारकाम म्हणजे नुसती नक्षी नव्हे. ठोक्यांनी तांबं कडक होतं. पातळ पत्र्याची घागर पाण्याने भरून कमरेवर घेतली तरी चेपत नाही, ती त्यामुळे. घडवताना मात्र हाच कडकपणा आड येतो, म्हणून मधून मधून भांडं भट्टीत तापवून मऊ करावं लागतं.

मग काका जोड शोधू लागले. दाते पाडून एकमेकांत अडकवलेला, डाख देऊन पक्का केलेला जोड. तांबटाचा कस तिथे लागतो. पण ती बाजू भिंतीकडे! घागर जरा फिरवाल का, असं विचारलं, तर तिथला रखवालदार म्हणाला, “काचेपासून मागे सरा.” वस्तूंना हात लावायचा नाही हा नियम मला पूर्ण मान्य आहे. पण जोड भिंतीकडे का? मी लेखी अर्ज दिला. ‘मांडणी बदलता येणार नाही’ असं उत्तर आलं. त्याचा मला आजही राग आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा आता भराभर सांगतो. हस्तकलेचं संग्रहालय मोठं असायची गरज नाही. दोन खोल्या आणि एकच कला पुरे. पण वस्तूशेजारी तिची हत्यारं हवीत. पूर्ण घागरीजवळ एक अर्धवट मठारलेली हवी. जोड लोकांकडे, आणि बुडाखाली आरसा. पाटी लिहिताना कारागिराला बोलवा, त्याला रीतसर मानधन द्या, आणि वस्तू करणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तर ते सगळ्यांत वर लिहा. तांबट आळीत आजही ठोके ऐकू येतात, तोवर हे विचारून घेता येईल. नव्या इमारतीच्या निधीसाठी थांबायचं कारण नाही, याला लागतो एक आरसा आणि चार दुपारी.

बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू. आणि तुमच्या माळ्यावर ठोक्याची जुनी घागर असेल, तर मोडीत घालण्याआधी मला एकदा दाखवा. मी दारात थांबतो आहे.