म्हातारा कुत्रा धापा टाकतोय? गोळी विचारण्याआधी हे मोजा

नमस्कार मंडळी! भुसावळहून बोलतेय. मागे कूलरचा आवाज येईल, त्याला इलाज नाही, बाहेर 44 डिग्री आहे. मागच्या व्हिडिओत आमचा भुऱ्या मागे धापताना दिसला आणि कमेंटमध्ये सुरू झालं, "ताई, आमचाही म्हातारा झालाय, दम लागतो, कोणती गोळी देऊ?"

गोळी मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. आणि घरातल्या डब्यातली माणसांची गोळी तर अजिबात नको.

सोप्या गोष्टी पटकन. गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून जाणारा हार्नेस घाला. वजन वाढलं असेल तर उतरवा. फिरायला पहाटे न्या. डासांची कॉइल, धूप त्याच्या खोलीत नको. झालं.

आता खरं काम. त्याच्या झोपेतले श्वास मोजा. छाती वर आली आणि खाली गेली, हा एक. वर एक, खाली दोन, असं नाही! तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला 30 च्या आत असायला हवेत. वरचेवर 30 च्या पुढे जायला लागले की डॉक्टरांना फोन.

हे सांगितलं की लगेच कमेंट, "ताई, 120 भरले!" अहो दादा, तो जिना चढून आला होता ना? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढूनच तो अंग गार करतो. मे महिन्यात जागेपणी मोजलंत तर धडधाकट कुत्राही आजारी ठरेल. झोपेत. झो-पे-त.

हसू नका, मीही चुकलेय. पहिल्यांदा मोजले तर 44. रात्री अकराला रिक्षा करून दवाखान्यात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वर-खाली वेगवेगळं मोजलंत का?" म्हणजे खरे 22. आप्पा दोन दिवस मला "हिशेबनीस" म्हणत होते. आणि मग सहा महिन्यांनी आकडा 38 आला, तेव्हा मला वाटलं परत माझंच चुकलं. तीन दिवस तशीच बसले. शेवटी डॉक्टरांनी तपासलं, तर भुऱ्याच्या हृदयाची झडप नीट मिटत नव्हती, फुप्फुसात पाणी साचलं होतं. तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी भुऱ्याचा आकडा असतो. एका दिवसाच्या आकड्यावर घाबरायचं नाही, पण चढता दिसला की बसूनही राहायचं नाही.

त्याला पाणी कमी करायची गोळी सुरू आहे. लघवी जास्त होते, घरातही होते. म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका हो! फरशी पुसा. मी पुसतेच आहे.

अजून एक. शेजारच्या पॉमेरेनियनला हंसासारखा कर्कश खोकला यायचा. सगळे म्हणाले, हाड अडकलंय, केळं चारा. आपल्याकडे काहीही झालं तरी केळंच! पिल्लू बिचारं केळ्यावर केळी खात होतं. हाड कुठलं, श्वासनळीच चपटी होत होती. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचं भुंकणं बसलं आणि श्वास आत घेताना घरघर येऊ लागली, तर तो आजार आणखी वेगळा. म्हणून म्हणते, माझ्या भुऱ्याची गोळी तुमच्याला चालणार नाही. व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवा.

आणि हिरड्या निळसर, मान ताणलेली, कोपरं बाजूला फाकवून उभा, आडवा होतच नाही, तर मोजत बसू नका. गाडी काढा. वाटेत तोंडात पाणी ओतू नका, कुशीवर दाबून झोपवू नका.

आजचा आकडा अजून लिहायचाय. थांबा, कॅमेरा वळवते. झोपलाय बघा... अरे, पाय हलवतोय, ओठ थरथरतोय. स्वप्न पडतंय त्याला. स्वप्नात श्वास भराभर होतात, आत्ता नाही मोजायचं. थांबू जरा.