आडनाव नको, लग्न शोधा: कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांचा माग

नमस्कार मंडळी! १६७६ साली क्युबेकमध्ये एक लग्न लागलं. नवरा प्येर उदों दी बोल्यो, नवरी मारी गोबेय. त्यांचे वंशज आज पसरलेत, पण काही जण उदों लावतात, तर काही बोल्यो. मूळपुरुष मात्र एकच!

घोळ आहे त्या मधल्या 'दी'मध्ये. फ्रेंचमध्ये 'दी' म्हणजे 'असं म्हणतात तो'. आपलं सरळसोट 'उर्फ'. बाईच्या नावात तेच 'दित' होतं.

[पडद्यावर: ला फ्लर, सांरग्रे, वाद्बोंकर]

ही उर्फनावं यायची कुठून? बरीचशी सैन्यातून. १६६५ मध्ये फ्रान्सच्या राजाने कारिन्यां-सालिएर ही पलटण नव्या फ्रान्सला, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत, पाठवली, सुमारे १,२०० शिपाई. त्यांतले चारेकशे तिथेच राहिले, शेती करू लागले आणि पलटणीतली टोपणनावं सोबत घेऊन बसले. ला फ्लर म्हणजे फूल. सांरग्रे म्हणजे ज्याला कसला पस्तावा नाही तो. आणि वाद्बोंकर, माझं सगळ्यात आवडतं: 'जा, खुशीने जा!' युद्धावर निघालेल्या माणसाला असं नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला सलाम. काहींची उर्फनावं मूळ प्रांतावरून पडली. सेंतोंजहून जो आला, तो सेंतोंज.

आता गंमत अशी, की पाद्री कधी मूळ आडनाव लिहायचा, कधी उर्फ, कधी दोन्ही. पुढच्या पिढ्यांत एका भावाने एक टाकलं, दुसऱ्याने दुसरं. म्हणून नुसतं आडनाव धरून शोधलंत तर अर्धं घराणं हातातून निसटतं.

बरं, पहिल्या नावावर जावं, तर तेही फसवं! विशेषतः १९व्या शतकात बाप्तिस्म्याला बहुतेक मुलग्यांचं पहिलं नाव जोसेफ आणि मुलींचं मारी. मध्ये बऱ्याचदा धर्मपिता किंवा धर्ममाता (गॉडफादर, गॉडमदर) यांचं नाव, आणि घरात हाक मारायचं ते शेवटी. एखादं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. नोंदीत 'जोसेफ' वाचून खूश झालात, तर जरा थांबा. घरात त्याला कुणी जोसेफ म्हणतच नसेल.

मग हाताशी उरतं काय? लग्न! चर्चच्या लग्ननोंदीत वराचे आईवडील, वधूचे आईवडील, आणि आयांची माहेरची आडनावं. एका नोंदीत एक पिढी मागे जाता येतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. बाई विधवा असेल तर आधीच्या नवऱ्याचं नावही सापडतं. बायका माहेरच्याच आडनावाने नोंदवल्या जायच्या, हे इथलं खरं घबाड. क्युबेकमध्ये तर १९८१ पासून कायदाच आहे, लग्नानंतरही बाईचं अधिकृत नाव जन्माचंच राहतं. माँट्रियलला राहणाऱ्या आपल्या एखाद्या नववधूला सासरचं आडनाव कागदोपत्री लावायचं असेल, तर तिथे तो बेत जमत नाही!

माँट्रियल विद्यापीठात १९६६ पासून याच चर्चनोंदी जोडून कुटुंबं उभी करण्याचं काम चालू आहे. तिथेही जोडपं हाच पाया. त्याच कामातून कळतं, की १६३४ साली आलेल्या झाकारी क्लुतिए या सुताराचे १८०० पर्यंत १०,८५० वंशज झाले होते. त्याला लिहिता येत नव्हतं; सहीच्या जागी तो कुऱ्हाड काढायचा.

शेवटचा गुंता अमेरिकेतला. १९व्या शतकात हजारो फ्रेंच कॅनेडियन कुटुंबं न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत गेली आणि आडनावांचं भाषांतर झालं. ब्वाव्हेर, म्हणजे हिरवं रान, ते झालं ग्रीनवूड. रुआ, म्हणजे राजा, तो झाला किंग. अशा ग्रीनवूडचा माग काढायचा असेल, तर तिकडच्या फ्रेंच चर्चमधली लग्ननोंद काढा, वराच्या आईचं माहेरचं आडनाव बघा, आणि मग क्युबेकच्या वह्यांत त्या आईवडिलांचं लग्न शोधा. आईचं आडनाव जुळलं, की शेजारी नवऱ्याच्या नावापुढे ब्वाव्हेर लिहिलेलं सापडण्याची शक्यता बरीच आहे.