मामांचा फॅनबेल्ट आणि पुएब्लातली शेवटची बीटल

(आमच्या वाचनालयातल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या चेहऱ्याची नवी गाडी बंद का पडते?’ मघाशी दारातच एका काकांनी विचारलं, "बॅटरीबद्दल सांगणार ना?" काका, रस्त्यात बंद पडण्याबद्दल नाही, कारखान्यात बंद होण्याबद्दल बोलायचंय. तारीख आहे १० जुलै २०१९. त्या दिवशी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात, फोक्सवॅगनच्या कारखान्यात, शेवटची बीटल लाइनवरून उतरली. निळ्या रंगाची. आपल्याकडे सनई-चौघडा लावतात तसे तिथं मारियाची वाजवणारे बोलावले होते. गाडी कुणा गिऱ्हाइकाकडे गेली नाही, तिथल्याच संग्रहालयात गेली.

आता बीटल म्हटल्यावर इथल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे एक गाडी येणार आणि निम्म्यांच्या दुसरीच, म्हणून आधी तेवढं निस्तरून घेऊ. पहिली बीटल म्हणजे मागं इंजिन असलेली, पाण्याऐवजी हवेवर थंड होणारी. फर्डिनांड पोर्शे यांनी ती १९३० च्या दशकात आखली. नाझी राजवटीनं ९९० मार्कांत गाडी देतो म्हणून लोकांना बचतीची तिकिटं चिकटवायला लावली, आणि त्या राजवटीत त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. हा डाग तिच्या जन्मावर आहे, तो मी पुसणार नाही. युद्धानंतर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश मेजरनं जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग गावचा मोडका कारखाना चालू केला, तेव्हा कुठं ती खरी लोकांची झाली. पुढं ती इतकी चालली की ३० जुलै २००३ ला पुएब्लातच तिची शेवटची गाडी निघाली तेव्हा एकूण आकडा होता २,१५,२९,४६४.

दुसरी ती न्यू बीटल. १९९४ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटारींच्या प्रदर्शनात तिचा नमुना ठेवला होता, जे. मेज आणि फ्रीमन थॉमस या दोघांनी कॅलिफोर्नियात आखलेला. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि १९९७ मध्ये पुएब्लात उत्पादन सुरू झालं. चेहरा आजीचा, सांगाडा फोक्सवॅगनच्याच गोल्फ या गाडीचा. इंजिन पुढं, आणि तेही पाण्यानं थंड होणारं. तिसरी २०११ ची. २०१९ ला थांबली ती ही. बोलायचंय ते या दुसरी-तिसरीबद्दल. पण पहिली समजल्याशिवाय ते कळणार नाही, आणि पहिली मला ज्यांनी समजावली ते माझे मामा.

मामा साताऱ्याला डॉक्टर. गावाकडं परत निघालेल्या एका परदेशी माणसाकडून त्यांनी ती मुंबईत जुनी विकत घेतली होती. १९५६ चं मॉडेल, मागची काच लंबगोल. वळायचं असलं की दारामागच्या खांबातून पिवळा हात बाहेर यायचा. पेट्रोलचा काटाच नव्हता. आपण स्कूटर रिझर्व्हला लावतो ना, तशी पायाशी एक तोटी होती. गाडी आचके द्यायला लागली की पायानं तोटी फिरवायची आणि पुढचा पंप शोधायचा. आम्ही पोरं तिला कासव म्हणायचो. खेड्यात व्हिजिटला गेलं की कुणीतरी हमखास पुढचं बॉनेट उघडून बघायचा, आत स्टेपनी आणि मामांची औषधांची पेटी, आणि ओरडायचा, "डॉक्टर, इंजिन चोरीला गेलं की हो!" मामा दर वेळी तितक्याच आनंदानं त्याला मागं घेऊन जायचे.

डॅशबोर्डला चिनी मातीची एक इवलीशी फुलदाणी अडकवलेली होती. त्या काळी युरोपात हौशी लोक अशी फुलदाणी बसवून घेत. मामी त्यात शेवंतीचं फूल खोवायची.

तर १९७२ चा मे महिना. दुष्काळाचं वर्ष, विहिरी आटलेल्या. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. मामा, मामी, मी आणि मागं कुरडयांचे डबे. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो आणि समोरच्या गोल मीटरमध्ये लाल दिवा लागला. मामांनी तत्क्षणी गाडी कडेला घेतली. मामी म्हणाली, "अहो, वर जाऊन थांबू की, इथं सावली नाही." मामा म्हणाले, "एक पाऊलसुद्धा नाही."

याचं कारण सांगतो, कारण माझं आजचं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. त्या गाडीत एकच पट्टा. तोच डायनामो फिरवतो आणि डायनामोच्याच दांड्यावर इंजिनाला वारा घालणारा पंखा. म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंगही गेलं आणि गारवाही गेला. लाल दिवा चार्जिंगचा, पण तो सांगतो की आता इंजिन भाजणार. दोन निरोप, एक दिवा. जाणत्याला तो पुरतो.

मागं एक ट्रक थांबला. क्लीनर बिचारा पाण्याची बादली घेऊन धावत आला. त्या साली, त्या घाटात, स्वतःचं पाणी घेऊन! मामांनी त्याला हात जोडले आणि म्हणाले, "बाबा रे, ही गाडी पाणी पीत नाही. ते तू ठेव." तो माणूस बादली हातात धरून तसाच उभा राहिला आणि पुढची दहा मिनिटं मामा काय करतात ते बघत राहिला. मीही बघत होतो. वय वर्षं दहा.

मामांनी डिकी उघडली, म्हणजे मागची. पिशवीतून एकवीस नंबरचा पाना काढला. डायनामोच्या पुलीला कडेला एक खाच असते. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर अडकवला की पुली फिरत नाही. मग नट एकच. तो सोडवला की पुलीची पुढची थाळी निघून हातात येते, कारण पुली दोन थाळ्यांची असते. त्या दोन थाळ्यांच्या मध्ये पातळ चकत्या. नवा पट्टा बसवायचा, थाळी लावायची, नट आवळायचा. पट्टा ढिला वाटला तर मधली एक चकती काढायची, म्हणजे थाळ्या जवळ येतात आणि पट्टा वर चढून ताणला जातो. आणि काढलेली चकती टाकायची नाही! ती त्याच नटाखाली, थाळीच्या बाहेर लावून ठेवायची. उद्या लागली तर शोधायला नको. चकती कधी आत, कधी बाहेर, पण गाडीतच. ज्यानं कुणी हे आखलं, त्यानं घाटात एकट्या पडलेल्या माणसाचा विचार केला होता. हे मला त्या दिवशी शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं होतं.

मामांनी माझा अंगठा धरून पट्ट्यावर दाबला. "अर्धं पेर आत जातंय? मग बरोबर." गाडी सुरू झाली, लाल दिवा विझला. क्लीनर म्हणाला, "डाक्तर, आमचा ट्रक असा का नाही करत?"

आता २००० साल. मामांची नात डेट्रॉइटजवळ नोकरीला. तिनं पिवळी न्यू बीटल घेतली होती, केवळ आजोबांसाठी म्हणते ती. मी कामानिमित्त तिकडं गेलो तेव्हा मामाही तिच्याकडेच होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गाडी बघून त्यांचे डोळे भरून आले. आत बसले तर स्टिअरिंगपाशी फुलदाणी! आता प्लास्टिकची, पण फुलदाणी. पोरीनं त्यात पिवळं फूल लावलं होतं. मामा ते फूल बराच वेळ बघत राहिले. मामी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मग ते उतरले, आणि सवयीनं मागं गेले. मागं सामानाची जागा. हसले, पुढं आले. बॉनेट उघडलं. इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण. मामांनी नातीला विचारलं, "बेल्ट कुठला ग? आणि तो कसा बदलायचा?" ती म्हणाली, "आजोबा, ते आपण नाही करायचं. वर्कशॉपला न्यायचं." मामांनी बॉनेट अगदी हळू, आवाज न करता बंद केलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी छान आहे रे. फक्त तिची आपली ओळख नाही."

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मग मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

१९९९ साली अमेरिकेत न्यू बीटल ८० हजारांहून जास्त खपल्या. सुरुवातीला तर लोक छापील किमतीच्या वर पैसे देत होते. २०१७ ला तिसरीचा आकडा १५ हजारांच्या आसपास. मधल्या काळात काय झालं? आठवणीपोटी गाडी घेणारा माणूस ती एकदा घेतो. दुसऱ्यांदा घ्यायला त्याला नवं कारण लागतं. आणि इथं आखणारा अडकतो. चेहरा बदलला तर ती बीटल राहत नाही. नाही बदलला तर दाराशी एक उभी असताना तीच पुन्हा का घ्यायची? २०११ मध्ये त्यांनी छप्पर जरा सपाट केलं, गाडी लांब-रुंद केली, फुलदाणी काढली. तरी मूळची कमान ठेवणं भाग होतं, आणि त्या कमानीखाली मागच्या सीटवर उंच माणसाचं डोकं टेकतंच. खालचा सांगाडा गोल्फच्याच घराण्यातला, आणि गोल्फमध्ये जागा जास्त, दारं जास्त. गोल्फला आठवणीचं ओझं नव्हतं, ती दर पिढीला बदलत गेली. बीटल थांबली त्याच वर्षी तिची आठवी पिढी लोकांपुढे आली.

तुम्ही म्हणाल, मिनी आणि फियाट ५०० यासुद्धा जुन्या चेहऱ्याच्याच नव्या गाड्या, त्या कशा टिकल्या? मिनीनं कंट्रीमन काढली, चार दारांची, उंच. नाव तेच ठेवून संसार वाढवला. फियाटनंही तेच केलं. बीटलला कुटुंबच झालं नाही. जुन्या चेहऱ्याच्या बाकीच्याही गेल्या. क्रायस्लरची पीटी क्रूझर २०१० ला गेली. फोर्डची थंडरबर्ड २००५ लाच गेली, आणि तिच्या आखणीच्या वेळी फोर्डच्या डिझाइनचे प्रमुख पुन्हा तेच जे. मेज. आपल्याकडे न्यू बीटल २००९ च्या अखेरीस आली, पूर्ण तयार, आयात केलेली, वीस लाखांच्या घरात. चाकणला त्याच कंपनीचा कारखाना, तिथं पोलो बनायची. पण ही बाहेरूनच. लोकांची गाडी म्हणून जन्मलेली गाडी इथं थोड्याच लोकांच्या पोर्चमध्ये गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुएब्लात पुढं ताओस बनायला लागली, एसयूव्ही. बाजार तिकडं गेला होता, त्याबद्दल कारखान्याला बोल लावता येत नाही.

पण पहिली कशी टिकली, ते मेक्सिकोतच बघा. तिथं तिला ‘वोचो’ म्हणतात. मेक्सिको सिटीतले टॅक्सीवाले ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकायचे, म्हणजे मागं शिरायला वाट आणि सामानाला जागा. घरी बसून, पान्यानं. जर्मनीत १९७८ ला बंद झालेली गाडी तिथं आणखी २५ वर्षं निघाली, ती कुणाला जर्मनीची आठवण होती म्हणून नव्हे. रोज पोट भरत होती म्हणून. शेवटी नव्या टॅक्सीला चार दारं हवीत असा नियम आला आणि प्रदूषणाचेही प्रश्न होते. ते रास्त होते. मला जुनी गाडी परत नकोय. तिचा धूर नको, तिचे मिणमिणते दिवे नकोत. पण नव्यानं आखताना त्यांनी छपराची कमान, फुगीर मडगार्ड, फुलदाणीसुद्धा आठवणीनं उचलली, आणि चकती मात्र उचलायची राहिली. नटाखाली बाहेर लावून ठेवायची ती चकती. विजेवरच्या गाड्यांनाही आता जुने चेहरे लावतायत, तिथं तरी कुणी हा विचार करावा अशी माझी तळमळ आहे. मालकाला उघडता येईल असं एक तरी झाकण ठेवा.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. मामांची पिशवी मी आज बरोबर आणली आहे. त्यात तो एकवीसचा पाना आहे, पुलीच्या दोन्ही थाळ्या आहेत आणि चकत्या आहेत. पोरांनो, पुढं या. पट्टा बसवून बघा, आणि अंगठ्यानं दाबून मला सांगा, अर्धं पेर आत जातंय का.