छातीवरचा डोळा

(दृश्य: रत्नागिरी. जुलैचा पाऊस. कॉलेजचं फाटक, पत्र्याखाली टेबल, त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नोंदवही.)

नाव, वेळ, सही. फाटकावरच्या काकांकडे पुरावा एवढाच. रात्री हॉस्टेलच्या पोरांशी बाचाबाची झाली, की सकाळी प्राचार्यांपुढे दोन हकिकती. ‘‘ती चौघं एक बोलतात, मी एकटा. माझं कोण ऐकतंय?’’

काका एजन्सीचे सिक्युरिटीवाले. हातात काठी, पोलिसांचे अधिकार नाहीत. अमेरिकेत मात्र अनेक विद्यापीठांचं स्वतःचं पोलीस दल असतं. कमरेला पिस्तूल, अटकेचा अधिकार. त्यांच्या छातीवर, समोर घडेल ते टिपणारा कॅमेरा सक्तीचा करा, ही मागणी तिथली. आपल्या काकांच्या छातीवरही तो हवा का?

(दृश्य: नकाशावर अमेरिकेतलं सिनसिनाटी.)

19 जुलै 2015. पुढची नंबरप्लेट नाही म्हणून सिनसिनाटी विद्यापीठाचा पोलीस रे टेन्सिंग याने सॅम्युअल ड्युबोसची गाडी अडवली, तीही विद्यापीठाच्या आवाराबाहेर. थोड्याच वेळात ड्युबोस टेन्सिंगची गोळी डोक्यात लागून मेला. गाडीने मला फरफटत नेलं, असं टेन्सिंग म्हणाला. सरकारी वकिलांनी त्याच्याच छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं आणि सांगितलं, असं काही घडलंच नाही. दहाव्या दिवशी खुनाचा आरोप ठेवला गेला. विद्यापीठाने कुटुंबाला 48 लाख 50 हजार डॉलर द्यायचं कबूल केलं, शिवाय 12 मुलांना फुकट शिक्षण.

खटला मात्र तडीस गेला नाही. ते चित्रण पाहूनही ज्युरीचं एकमत होईना. दोनदा. 2017 मध्ये आरोप मागे घेतले गेले.

त्याच वर्षी वॉशिंग्टन शहरातल्या दोन हजारांवर पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅमेरा असलेले आणि नसलेले, बळाच्या वापरात म्हणण्याजोगा फरक नव्हता. म्हणजे कॅमेऱ्याच्या धाकाने माणूस सुधारतो, यावर फार विसंबू नये. पण कॅमेरा नसता, तर त्या गाडीपाशी काय झालं ते टेन्सिंगच्याच तोंडून ऐकावं लागलं असतं.

(दृश्य: बटणावरचं बोट.)

खरी मेख कॅमेऱ्याचं चित्रण सुरू करायच्या या बटणात आहे. ते ज्याच्या छातीवर, त्याच्याच बोटाखाली. काही कॅमेरे बटण दाबण्याआधीची 30 सेकंदंही जपून ठेवतात, बहुधा आवाजाविना. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पोलीस ठाण्यांतलं सीसीटीव्ही चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलं. फाटकावरचं किती दिवस ठेवायचं? आणि पोराने मागितलं, तर देणार कोण?

काकांना विचारलं, कॅमेरा लावाल? ‘‘लावीन की. माझी बाजू तरी दिसेल.’’

मग अंगावरच्या रेनकोटकडे बघून हसले. ‘‘पण चार महिने हा वरून असतो. कॅमेऱ्याला दिसणार काय?’’