मज्जातंतूला उजेडाची मदत किती?

नमस्कार. मनगटाजवळ नस, म्हणजे मज्जातंतू, कापली गेली, बोटं वळेनाशी झाली, की घरची माणसं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: डॉक्टर, लेसरने नस जुळते का? उत्तर आधीच देतो. पूर्ण तुटलेली नस लेसरने जुळत नाही. ती मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवावी लागते. मात्र शिवून झाल्यावर, किंवा नस वरून अखंड असून आतले तंतू चिरडले गेले असतील तेव्हा, ते तंतू पुन्हा वाढत असताना कमी शक्तीच्या लेसरचा हातभार लागतो का, हा प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखा आहे. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी दुखापत समजून घेऊ. दुचाकीवरून पडल्यावर मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि मानेतून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, ओढलं जातं. कडबाकुट्टीत हात सापडतो, मांजा किंवा फुटलेली काच मनगट कापते, कमरेवर भलत्या जागी दिलेलं इंजेक्शन कमरेतून पायाकडे जाणाऱ्या सायटिक नसेला लागतं आणि पाऊल लोंबू लागतं. या सगळ्या रुग्णांच्या मेंदूत आणि स्नायूंत काही बिघडलेलं नसतं. त्या दोघांमधली वाट मोडलेली असते.

ही वाट कशी मोडते ते ऑगस्टस वॉलर यांनी 1850 साली बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून दाखवलं. कापलेल्या जागेच्या पुढचा सगळा तंतू हळूहळू विरून जातो. मात्र त्या तंतूला वेढणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या आधार देणाऱ्या पेशी तिथेच राहतात. त्या कचरा साफ करतात, वाढीला पोषक द्रव्यं तयार करतात आणि रांगेत उभ्या राहून नव्या कोंबाला रस्ता दाखवतात. कोंब मागच्या टोकातून फुटतो आणि माणसामध्ये ढोबळमानाने रोज 1 मिलिमीटर पुढे सरकतो. आता हिशेब करा. कोपरापाशी दुखावलेली अल्नर नस (कोपरामागून करंगळीकडे जाणारी) तळहाताच्या छोट्या स्नायूंपर्यंत पोचायला 25 ते 30 सेंटिमीटर, म्हणजे आठ ते दहा महिने लागतात. मानेपाशी दुखापत असेल तर अंतर 70 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं! आणि स्नायू इतका काळ थांबत नाही. साधारण वर्ष-दीड वर्ष संदेश आला नाही की तो सुकतो, त्यात चरबी आणि तंतुमय ऊती भरतात. मग नस पोचली तरी तिथे हलवायला काही उरलेलं नसतं. म्हणून या क्षेत्रात सगळी झुंज वेळेशी आहे. वाढीचा वेग थोडा वाढवता आला किंवा स्नायू थोडा जास्त काळ जिवंत ठेवता आला, तर एखाद्याच्या हातात पुन्हा पेला धरता येईल.

लेसर इथे कसा आला? पहिला लेसर 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी तयार केला, माणिकाच्या स्फटिकातून. पुढे काही वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर हे शल्यविशारद उंदरांतल्या गाठींवर माणिक-लेसर वापरत होते. त्यांचा लेसर फारच कमी शक्तीचा होता. त्याने कातडी भाजली नाही, गाठी जळाल्या नाहीत, पण केस काढलेल्या जागी उजेड पडलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. मेस्टर यांनी त्या केसांकडे दुर्लक्ष केलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे त्यांनी हाच उजेड न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला, आणि या उपचाराची सुरुवात तिथून झाली.

उजेड पेशीत काय करतो? आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याच्या साखळीतला हा शेवटचा दुवा. रशियन शास्त्रज्ञ टीना कारू यांनी वर्षानुवर्षं काम करून मांडलं की लाल आणि जवळच्या अवरक्त किरणांना पकडणारा मुख्य घटक हाच आहे. दुखावलेल्या पेशीत नायट्रिक ऑक्साइड या विकराला अडकून बसतो आणि साखळी मंदावते. उजेडाने तो सुटतो, पेशीला ऊर्जा मिळते आणि दुरुस्तीची जनुकं जागी होतात, अशी ही मांडणी. सगळे शास्त्रज्ञ ती पूर्णपणे मान्य करत नाहीत, वाद चालू आहे. मात्र डोसाबद्दलची एक गोष्ट प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसते: थोडा उजेड पेशीला चेतवतो, फार झाला तर उलट दाबून टाकतो. पिकाला पाणी द्यावं तसंच हे. कमी पडलं तर वाढ नाही, तुंबलं तर मुळं कुजतात.

मज्जातंतूंवर या उजेडाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो तेल अवीवचे मेंदूशल्यविशारद शिमोन रोखकिंड यांनी. त्यांच्या गटाने 2001 मध्ये उंदरांची सायटिक नस कापून शिवली आणि काहींना 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जवळच्या अवरक्त किरणांचा, लेसर रोज अर्धा तास, असा 21 दिवस दिला. नसेवर आणि पाठीच्या कण्यावरही. कण्यावर का, तर स्नायूंकडे जाणारा तंतू ज्या पेशीतून निघतो ती कण्याच्या आतल्या मज्जारज्जूत बसलेली असते आणि कोंबाला लागणारं सामान तिथेच तयार होतं. नंतर संवेदनेचा विद्युत संदेश तपासला तेव्हा उजेड दिलेल्यांपैकी 69.2 टक्के, तर न दिलेल्यांपैकी 18.2 टक्के उंदरांत तो मेंदूपर्यंत पोचत होता.

माणसांवरची त्यांची चाचणी 2007 ची. 18 रुग्ण, सगळ्यांची दुखापत अपुरी, म्हणजे नस पूर्ण तुटलेली नाही, आणि सहा महिने ते कित्येक वर्षं जुनी. काहींना खरा लेसर, काहींना नकली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी खरा लेसर मिळालेल्यांच्या स्नायूंची ताकद लक्षणीय सुधारलेली दिसली. मला ही चाचणी महत्त्वाची वाटते, कारण इतक्या जुन्या दुखापतीत आपोआप सुधारणा होण्याची शक्यता कमीच असते. पण 18 म्हणजे 18. एवढ्यावर कोणाला खात्री देता येत नाही.

आणि आता डोस बघा. 250 मिलिवॉटचा लेसर, रोज तीन तास नसेवर आणि दोन तास कण्यावर, सलग 21 दिवस. गुणाकार केला तर रोजची 4500 ज्यूल ऊर्जा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लेसरची एक बैठक दहा मिनिटांची असते. त्याच शक्तीच्या यंत्राने दहा मिनिटांत 150 ज्यूल होतात. मग ‘संशोधनाने सिद्ध झालेला उपचार’ असं सांगून आपण नेमकं काय देतो आहोत? फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, यंत्राच्या पाटीवरची शक्ती वाचा, वेळेशी गुणा, आणि रुग्णाच्या कागदावर ज्यूल लिहा. ‘लेसर दिला’ एवढी नोंद निरुपयोगी आहे.

दुसरी अडचण खोलीची. उंदराची सायटिक नस कातडीखाली काही मिलिमीटरवर असते. माणसाच्या नितंबात ती चरबी आणि जाड स्नायूंच्या खाली कित्येक सेंटिमीटर आत असते आणि तिथे पोचेपर्यंत उजेडाचा अगदी थोडा अंश उरतो. शिवाय उंदराची नस मुळातच जोमाने वाढते आणि तिला पार करायचं अंतरही थोडंच असतं.

नातेवाइकांसाठी सर्वांत कळकळीचं सांगणं हे. लेसर चालू आहे म्हणून थांबून राहू नका. धारदार वस्तूने कापल्यावर बोट बधिर झालं तर त्याच दिवशी हाताच्या शल्यविशारदाकडे जा. बंद दुखापतीत साधारण तीन आठवड्यांनी ईएमजी (स्नायूंतले विद्युत संदेश टिपणारी) आणि नर्व्ह कंडक्शनची (नसेतून संदेश किती नीट जातो ते मोजणारी) तपासणी करा. त्याआधी केलेली तपासणी फसवू शकते. तीन ते सहा महिन्यांत स्नायूत परतीचं कोणतंच चिन्ह नसेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. लेसरच्या बैठकांत हेच महिने निघून गेलेली तरुण पोरं मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण तो वेळ कोणालाच परत आणता येत नाही. सुरक्षेबद्दल थोडक्यात: डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण अवरक्त किरण दिसत नाहीत, कर्करोगाची गाठ असलेल्या जागी घरगुती प्रयोग नकोत, आणि जास्त शक्तीचं, उष्णता देणारं यंत्र बधिर कातडीवर फार जपून वापरावं, रुग्णाला चटका कळत नाही.

आपल्या राज्यात या संशोधनाला एक खरी जागा आहे असं मला वाटतं. कुष्ठरोग कातडीबरोबर मज्जातंतूंनाही धरतो आणि गडचिरोली, चंद्रपूर भागात आजही नवे रुग्ण सापडतात. त्यात वारंवार सापडते ती कोपराच्या मागची अल्नर नस, कातडीखाली बोटाने चाचपता येईल इतकी उथळ. उजेड तिथे सहज पोचेल. बहुविध औषधोपचार आणि नसेच्या ताज्या दाहावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, हे उपचार ठरलेले आहेत, ते बदलायचे नाहीत. पण ते पूर्ण झाल्यावरही ज्यांच्या करंगळीत ताकद उरलेली नाही, अशांवर नकली लेसरसह, ज्यूलचा चोख हिशेब ठेवून, बारा महिन्यांनी पकड आणि स्पर्श मोजणारी चाचणी व्हायला हवी. तिला लागणारे रुग्ण, फिजिओथेरपिस्ट आणि मोजमापाची साधनं आपल्याकडे आजही आहेत.