भट्टीचं घर आणि धुराडं

(दृश्य: घरामागचं परस. चिऱ्याच्या चौथऱ्यावर विटांचा उघडा घुमट. मागे काजूची झाडं.)

सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या अलीकडे, एका घराच्या परसात लाकडावर पेटणाऱ्या भट्टीचा हा घुमट उभा आहे. गोव्याची हद्द इथून जवळ. त्यामुळे उंडे, काकणं, कोंड्याची पोळी ही पावांची नावं इथल्या पोरांनाही पाठ असतात. पोर्तुगिजांबरोबर आलेला पाव गोव्यात रुजला तो अशाच भट्ट्यांमध्ये. या घरातल्यांना पाव हवाच आहे, शिवाय नातवंडांना पिझ्झाही हवा आहे. एकाच भट्टीत दोन्ही होतं.

घुमट बांधून झालाय. आतून 3 फूट रुंद, दीड फूट उंच. फायरब्रिकच्या, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा, सांध्यांमध्ये फायरक्लेचा, म्हणजे तशाच मातीचा मसाला. नेहमीचं सिमेंट इथे चालत नाही. साधारण 300 अंशांपुढे त्याची ताकद उतरायला लागते, आणि पिझ्झाच्या वेळी घुमट 400 अंशांच्याही पुढे जातो.

घुमटाचं कौतुक सगळेच करतात. खरं तर त्यात नवीन फारसं काही नाही. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईत असेच घुमट आजही बघायला मिळतात. फक्त पाँपेईला सिंधुदुर्गातला जून महिना माहीत नव्हता.

(दृश्य: मेस्त्री ओळंबा सोडून चौथऱ्याचा कोपरा तपासतायत. घरच्या काकी बाजूला उभ्या.)

मेस्त्री काकींना सांगतात, "काकीनू, आगीचा भय नाय. पावसाचा भय आसा."

मेस्त्रींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. विटा आग सहज सोसतात. भट्टी बिघडते ती पाण्यानं. घुमटावर जे पांढरं, लोकरीसारखं वेष्टण चढवलंय ते सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट, 3 इंच जाड. त्याचं सगळं काम त्यात अडकून पडलेली हवा करते. ब्लँकेट ओलं झालं की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या 20 पटींहून जास्त सहज वाहून जाते. मग कितीही लाकूड घाला, भट्टी अंगणालाच ऊब देत बसते.

म्हणून या परसात खरं बांधकाम आत्ता सुरू होतंय. घुमटाभोवती भिंती, वर छप्पर, पुढे धुराडं. आणि हातात आहे फक्त मे महिना.

सुरुवात खालून. चौथऱ्याचा स्लॅब ओतायच्या आधीच त्यात बारीक नळ्यांचे तुकडे उभे करून ठेवले होते. वरून कितीही बंदोबस्त केला तरी थोडं पाणी आत शिरतंच. ते भट्टीच्या तळाशी साचू नये, खाली ठिबकून जावं, यासाठी ही भोकं. स्लॅब ओतून झाल्यावर हे आठवलं तर ड्रिल मशीन आणि देवाचं नाव, दोन्ही लागतात.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. दुसरं काय असणार? जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येईल इतका मऊ असतो, उघड्यावर हवा खाऊन टणक होतो. पण तो सच्छिद्र आहे, पाणी शोषून धरतो. घराच्या भिंतीला ते चालून जातं. इथे आतल्या बाजूला कोरडंच राहायला हवं असं सामान आहे. म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून गिलावा. पावसाळी वारा त्याच बाजूंनी येतो, झड तिथेच बसते. भट्टीचं तोंड याच कारणानं पूर्वेला केलंय.

(दृश्य: भिंत आणि घुमट यांच्यामधली फट, वरून.)

भिंत आणि घुमट यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडलीय, आणि या कामात गवंड्याशी सगळ्यात जास्त वाद होतो तो याच जागेवरून. गवंड्याचा हात सवयीनं सगळं एकमेकांत बांधायला जातो, त्यालाच तो मजबूत काम म्हणतो. पण घुमट तापला की फुगतो, निवला की आकसतो, दर वेळी. भिंत जागची हलत नाही. दोघांना जोडलं तर पहिल्या काही पेटवण्यांतच कुणाला तरी तडा जाणार. पुढच्या कमानीपाशी, जिथे घुमट भिंतीच्या अगदी जवळ येतो, तिथे सांध्यात मसाला न भरता सिरॅमिकची दोरी दाबून बसवलीय.

मधल्या मोकळ्या जागेत काय भरायचं? पुस्तकी उत्तर व्हर्मिक्युलाइट, रोपवाटिकांमध्ये कुंडीच्या मातीत मिसळतात तेच. मेस्त्रींनी सुचवली भातगिरणीवरची तुसाची राख. हसण्यावारी नेण्यासारखी ही सूचना नाही. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, आणि पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूची उष्णता धरून ठेवायला ती वापरतात. अडचण एकच. राख भिजली की बसते, आणि वरच्या बाजूला पोकळी पडते. शेवटी घुमटाच्या माथ्यावर व्हर्मिक्युलाइट, कडेला राख, असा समझोता झाला. माझं मत विचाराल तर पैसे असतील तेव्हा सगळीकडे व्हर्मिक्युलाइटच घालावं.

भिंतीच्या वरच्या अंगाला एक छोटी नळी बाहेर काढलीय. आत अडकलेली वाफ तिथून निघून जाईल. नळीच्या तोंडाला बारीक जाळी. नाहीतर गांधीलमाशी हे नवं घर महिन्याभरात ताब्यात घेईल.

(दृश्य: भट्टीच्या तोंडासमोरची कमान. मेस्त्री धुराची जागा खुणेनं दाखवतायत.)

आता धुराडं. पाहुणे आले की हमखास विचारतात, धुराडं घुमटाच्या डोक्यावर का नाही? चुलीवर धूर सरळ वर जातो, मग इथेही वरूनच काढावा, असं वाटणं साहजिक आहे. पण घुमटाला वर भोक पाडलं तर सगळ्यात गरम हवा पहिल्यांदा तिथूनच पळेल.

या भट्टीचं तोंड हेच तिचं नाक. थंड हवा तोंडाच्या खालच्या अर्ध्यातून आत शिरते, जाळापर्यंत जाते, तापून घुमटाच्या अंगानं वर चढते, छताखालून फिरते आणि तोंडाच्या वरच्या अर्ध्यातून बाहेर पडते. या फिरण्यातच घुमट तापतो. त्यासाठी तोंडाची उंची बेताची लागते, घुमटाच्या उंचीच्या साधारण 63 टक्के. इथे घुमट 18 इंच, म्हणून तोंड सव्वाअकरा इंचांचं. तोंड उंच केलं तर उष्णता निसटते, बुटकं केलं तर जाळ गुदमरतो.

धुराडं आहे ते तोंडाच्या बाहेर, पुढच्या कमानीच्या वर. बाहेर आलेला धूर तिथे पकडला जातो. पाव भाजताना जाळ काढून दार लावायचं असतं, आणि दार बसतं धुराड्याच्या आतल्या बाजूला. म्हणजे उष्णता भट्टीत कोंडलेली, धुराडं बाहेरच्या बाहेर. घुमटाच्या डोक्यावर नळी असती तर हे जमलंच नसतं.

कमानीवरची धुराची फट रुंद ठेवलीय आणि वर जाताना निमुळती होत 6 इंची स्टेनलेस स्टीलच्या नळीला मिळते. 300 अंशांचा धूर बाहेरच्या 30 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास निम्म्यानं हलका असतो. नळी जितकी उंच, तितका हा हलका खांब उंच आणि ओढ जास्त. थंड नळीत मात्र ओढ नसते. म्हणून पेटवायच्या आधी कमानीखाली एक कागद जाळून नळी गरम करून घ्यायची. नाहीतर पहिला धूर थेट डोळ्यात.

शेजाऱ्यांच्या डोळ्यातही. मुंबईत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. रविवारी पेटणारी परसातली भट्टी ही काही बेकरी नव्हे, पण धूर तो धूरच. धुराडं छपराच्या वर चांगलं 3 फूट काढलंय, आणि लाकूड वर्षभर वाळलेलं. ओलं लाकूड जाळून धुराड्याला दोष देणाऱ्यांना काय सांगणार?

(दृश्य: छपरावर कौलं चढतायत. नळीभोवती पत्र्याची झालर बसवली जातेय.)

छपराला मंगलोरी कौलं. लाकडी वासे नळीपासून दूर ठेवलेत. नळी कौलांतून बाहेर पडते तिथे पत्र्याची कॉलर, आणि तिच्यावर नळीला आवळून बसवलेली झालर, म्हणजे नळीवरून ओघळणारं पाणी कौलावर पडेल, फटीत नाही. वळचण दोन फूट पुढे काढलीय. नळीच्या माथ्यावर टोपी, आणि टोपीखाली 3 इंचांची मोकळी जागा. ती आणखी कमी केली तर पाऊस अडेल, पण धूरही अडेल. टोपीखाली जाळी आहे ती ठिणग्यांसाठी. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेतलं गवत पेटायला एक ठिणगी पुरते.

(दृश्य: भट्टीत काटक्यांचा छोटा जाळ. मेस्त्री घुमटाला हात लावून बघतायत.)

हे सगळं झालं तरी लगेच पिझ्झा नाही. मसाल्यात, विटांत, स्लॅबमध्ये अजून पाणी आहे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1600 पट जागा मागते. एकदम मोठा जाळ केला तर ती जागा विटा फोडून घेते. म्हणून पहिल्या दिवशी नुसत्या काटक्या, घुमट जेमतेम 100 अंशांवर. मग रोज थोडं थोडं वाढवत आठवडाभर. नातवंडांना हे पटत नाही. काकी त्यांना निखाऱ्यात बटाटे भाजून देतात.

जूनमध्ये घराच्या पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात, तेव्हा भट्टीच्या तोंडालाही लागेल. धुराड्याच्या टोपीवर एक बादली उपडी. ऑक्टोबरात बादली काढायची, नळीतून ब्रश फिरवून काजळी पाडायची, जाळीवरची कोळिष्टकं झटकायची. आणि मेस्त्रींनी बजावून ठेवलंय, पावसाळ्यानंतरचे पहिले चार जाळ पुन्हा काटक्यांचेच.